🌺 बांधावर फूल, दादरला मोल



पावसाच्या तोंडावर बांध रिकामे ठेवू नका. पण नुसतं शोभेचं झुडूप नको, दादरच्या फूलबाजारात खपेल असं लावा. गिरगाव, परळ, लालबागला गणपतीत लाल जास्वंद लागतेच. हार-वेणीची फुलं तर बारा महिने जातात.

▪️ *जास्वंद:* गावठी लाल. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे छाट लावा, अंतर 5 फूट. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून मिटलेली कळी तोडून नगावर विका. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की फांदी कापून जाळा, 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.
▪️ *तगर:* कळी हारात जाते, कुंपणही दाट होतं.
▪️ *मोगरा:* भरपूर ऊन हवं. डिसेंबरात पाणी तोडा, मग छाटणी करून शेणखत द्या. लग्नसराईत बहर सापडतो.
▪️ *सोनचाफा:* कलमच घ्या, बियांचं रोप फुलायला वर्षं लावतं. अंतर 10 फूट, पाणी साचू देऊ नका.
▪️ *अबोली:* चाफ्याच्या विरळ सावलीतही फुलते.

⚠️ *कण्हेर* दिसायला देखणी, पण विषारी. वाळलेलं पानही गुरांच्या जिवावर बेततं. चाऱ्याच्या बांधावर लावू नका, छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका.

बाजार पहाटेच भरतो. एकट्याने दोन किलो फुलं नेली तर भाडंही सुटत नाही. वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळून एकच फूल निवडा, माल एका पाटीत जाईल. कोण काय लावणार, ते रोपं आणण्याआधी गटप्रमुखांना कळवा. 🙏