वाळूतलं तेल आणि दहा हजार तास

शालेय मैदानी स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षं शर्यतींची वेळ घ्यायला उभा राहतो. शर्यत संपली की पालक कठड्याशी येऊन वेळ विचारतात आणि आकडा मनासारखा नसला की एकच वाक्य बोलतात, "मेहनत कमी पडली." गेल्या हिवाळ्यात हे वाक्य ज्या मुलीबद्दल ऐकलं, ती तेव्हा माझ्यापासून चार हातांवर नडगी दाबून बसली होती. वय तेरा, शर्यत ८०० मीटरची. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रविवारी टेकडी. सहा महिन्यांत एकही सुट्टी नाही. सरांनी वडिलांना सांगितलं होतं, की दहा हजार तास भरले की कोणीही चॅम्पियन होतो, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. वडील इमानेइतबारे वहीत तास मांडत होते. दोन आठवड्यांनी कळलं, तिच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे.

शास्त्रानं असं काहीही सिद्ध केलेलं नाही. ज्या संशोधनाच्या नावावर हे सांगितलं जातं, ते एकदा नीट समजून घेऊ.

१९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन गट, प्रत्येकात दहा जण. सर्वांत सरस गटानं वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. आकडा आला तो इथून. पण ही सरासरी आहे. एरिक्सन यांनीच पुढे स्पष्ट केलं, की त्या सरस गटातल्याही निम्म्या जणांचे तास विसाव्या वर्षी दहा हजारांहून कमी होते. शिवाय ते अजून विद्यार्थी होते, जगभर नाव झालेले कलावंत नव्हते. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' या पुस्तकानं त्या सरासरीचा नियम करून टाकला आणि नियम जगभर पसरला. एरिक्सन यांनी २०१६ च्या 'पीक' या पुस्तकात तो का चुकीचा आहे हे सविस्तर लिहिलं. ते फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तर मी आजवर एकाही व्याख्यानात ऐकलेली नाही. ते सरस विद्यार्थी दिवसाला साधारण साडेतीन तास एकट्यानं सराव करत, तोही तुकड्यांमध्ये, मध्ये विश्रांती घेऊन. आणि ते जास्त झोपत. दुपारची डुलकी धरून वरच्या दोन गटांची रोजची झोप सरासरी ८.६ तास होती, तिसऱ्या गटाची ७.८. आपल्या तालमींना हे सांगावं लागत नाही. तालमीत 'मेहनत' हा शब्दच मुळी जोर-बैठकांसाठी वापरतात आणि वस्तादाच्या हिशेबात मेहनत, खुराक आणि झोप या तिन्हींचं माप एकत्र असतं. सकाळची मेहनत आटोपलेला पैलवान दुपारी झोपला म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नाही. ट्रॅकवरच्या मुलांना मात्र आपण ही सवलत देत नाही.

आता तासांकडे वळू. तास वाढले की कामगिरी वाढते का? वाढते. पण सगळ्यांची सारखी वाढत नाही आणि वाढ कायम राहत नाही. ब्रूक मॅकनमारा, डेव्हिड हॅम्ब्रिक आणि फ्रेडरिक ओसवाल्ड यांनी २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे १८ टक्के फरकाचा संबंध सरावाच्या फरकाशी लागला. २०१६ च्या त्यांच्या गटाच्या दुसऱ्या विश्लेषणात, फक्त अव्वल दर्जाचे खेळाडू घेतले तर हा वाटा १ टक्क्यावर आला. याचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात, की यशात मेहनतीचा वाटा फक्त १ टक्का. तसं नाही. त्या पातळीवर पोचलेला प्रत्येक जण भरपूर घाम गाळूनच पोचलेला असतो. सगळ्यांनीच कष्ट केले असतील, तर कष्टांवरून पहिला आणि आठवा वेगळा ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शरीरं सरावाला सारखा प्रतिसाद देत नाहीत, हेही मोजलं गेलंय. क्लोद बुशार यांच्या 'हेरिटेज' अभ्यासात शेकडो बैठ्या माणसांना २० आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही आणि काहींची १००० मिलिलिटरहून अधिक वाढली. व्यायाम तोच, फळ वेगळं. ज्यांची वाढली नाही त्यांना आपण मैदानावर काय म्हणतो? "मनापासून करत नाही."

उंच उडीतली एक जोडी मला या संदर्भात नेहमी आठवते. स्वीडनचा स्टेफान होल्म लहानपणापासून उंच उडीच मारत आला. उंची १.८१ मीटर, म्हणजे या खेळात बुटकाच. तो २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये जिंकला आणि पुढच्या वर्षी २.४० मीटरवरून गेला. बहामाजचा डोनाल्ड थॉमस बास्केटबॉल खेळणारा, उंच उडीकडे वळला २००६ मध्ये. २००७ च्या ओसाकातल्या जागतिक स्पर्धेत थॉमस २.३५ मीटर उडी मारून जगज्जेता झाला, होल्म चौथा आला. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, म्हणजे सगळं जन्मजातच. मग पुढचंही ऐकावं. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, थॉमसची सर्वोत्तम उडी होती २.३७. दोन सेंटिमीटरची वाढ. आणि होल्मनं आपल्या डोक्याच्या ५९ सेंटिमीटर वर उडी मारली, ती सरावाशिवाय कोणत्याही देहाला शक्य नव्हती. सरावानं होल्मला त्याच्या स्वतःच्या मर्यादेच्या टोकापर्यंत नेलं. सराव हेच करू शकतो, आणि ते थोडं नाही. पण शेजारच्याची मर्यादा कुठे आहे, हे आपल्या सरावानं ठरत नाही.

इथे मला त्या वाळूच्या कणांबद्दल बोलायलाच हवं. वाळू रगडली तर तेलही निघतं, ही ओळ शाळांच्या भिंतींवर, ट्रॉफ्यांवर, सत्काराच्या भाषणांत सगळीकडे असते आणि तिचा अर्थ 'प्रयत्नांनी काहीही साधतं' असा लावला जातो. मूळ श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला, मराठी रूप वामन पंडितांचं. श्लोक पूर्ण वाचला तर तो प्रयत्नांबद्दल नाहीच. एकवेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, रानात सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे वाळूतलं तेल हे तिथे अशक्य गोष्टीचं उदाहरण आहे. चार ओळींतली पहिली तोडून आपण तिचा नेमका उलटा अर्थ पोरांच्या माथी मारतो आणि तेल निघालं नाही की रगडणाऱ्याला दोष देतो.

मेहनतीचं उदाहरण द्यायचंच तर खाशाबा जाधवांचं द्यावं, पण पूर्ण द्यावं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. लाल मातीत घडलेल्या माणसाची तिथे मॅटशी गाठ पडली. चार वर्षांनी हेलसिंकीत वरच्या वजनगटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. या चार वर्षांत खाशाबांनी केलेल्या कष्टांना तोड नाही. पण त्याच गोष्टीत राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आहेत, ज्यांनी खाशाबांच्या प्रवासासाठी आपलं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. गावोगावची वर्गणी आहे. परतल्यावर हे कर्ज फेडायला खाशाबांनी लढवलेल्या कुस्त्या आहेत. त्यांच्यानंतरचं वैयक्तिक पदक १९९६ मध्ये, लिअँडर पेसचं. मधली ४४ वर्षं. या ४४ वर्षांत या देशात मेहनती खेळाडू नव्हते असं कुणाला खरंच वाटतं का? मेहनत होती. मॅट नव्हत्या, प्रशिक्षण नव्हतं, तिकिटाचे पैसे नव्हते. प्रत्येक पैलवानाला घर गहाण टाकणारे प्राचार्य कुठून मिळणार? जिद्दीच्या गोष्टीतून हा भाग वगळला, की ज्यांनी मैदानं आणि पैसा द्यायचा त्यांची जबाबदारीही आपोआप वगळली जाते. मला याचा सर्वाधिक राग येतो.

सगळ्यांनीच कष्ट केले तर कष्टांवरून निकाल ठरत नाही, हा तर्क मैदानाबाहेर स्पर्धा परीक्षांनाही लागू होतो. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बसलेल्या प्रत्येकानं उद्यापासून दोन तास अधिक अभ्यास केला, तर एमपीएससीच्या जाहिरातीतली एकही जागा वाढणार नाही. फक्त कटऑफ वर जाईल. ज्याचं नाव यादीत आलं त्यानं कष्ट केले हे खरंच. ज्याचं आलं नाही त्यानंही केले असतील. त्या मुलाला घरी गेल्यावर हे कुणीतरी सांगायला हवं, आणि पाचव्या प्रयत्नाआधी दुसरी वाट शोधणं म्हणजे हार नव्हे, हेही.

दुसरा मोठा गैरसमज असा, की लवकर सुरुवात करा आणि एकच खेळ धरा. आर्ने गुलिच आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र केली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. प्रौढपणी जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी, राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत, आपला मुख्य खेळ उशिरा धरला होता, लहानपणी इतर खेळ जास्त खेळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगती संथ होती. आपल्याकडे अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, विशी ओलांडल्यावर स्पर्धांत धावू लागला आणि स्टीपलचेसकडे वळला २०१७ मध्ये. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. केनियाच्या विजेत्याच्या फक्त पाच शतांश सेकंद मागे. बारा वर्षांच्या मुलांच्या गटातली पदकं पुढचं काही सांगत नाहीत. त्या वयात बरेचदा आधी वयात आलेला मुलगा जिंकतो.

एक गोष्ट मुलींच्या आयांनी लक्षात ठेवावी, कारण मैदानावर ती कुणी उघड बोलत नाही. सराव वाढल्यावर पाळी थांबली तर ते मेहनत लागू पडल्याचं लक्षण नाही. खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरत नाही म्हणून शरीर ते काम बंद ठेवतं, आणि त्याच काळात हाडं ठिसूळ होत जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ पासून याबद्दल स्वतंत्र इशारा दिलेला आहे. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं. वाट बघायची नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'अंग दुखलं तरच व्यायाम लागला': सवय झाल्यावर दुखत नाही, तरी फायदा होतोच. दुसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे असतं, हेही चूक. ते ॲसिड तास-दोन तासांत निचरून जातं. 'मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं होतं': काढलं नव्हतं, दहावीत असताना वरिष्ठ संघाऐवजी कनिष्ठ संघात घेतलं होतं. 'सवय २१ दिवसांत लागते': लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात मध्यम आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांचा. मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

विश्रांतीबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला सोपा आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस खेळ बंद, आणि वर्षातून एकूण तीन महिने मुख्य खेळापासून दूर, एकेका महिन्याच्या तुकड्यांत. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले की गंभीर दुखापतींचं प्रमाण वाढतं, असं नीरू जयंती यांच्या अभ्यासात आढळलं. तेरा वर्षांच्या मुलीला आठवड्याला तेरा तास. तिचे होत होते पंचवीसहून जास्त.

तिचे वडील नंतर भेटायला आले, वही घेऊनच. मी त्यांना तासांचा रकाना खोडायला सांगितला नाही. त्याच्या शेजारी चार रकाने आखून दिले: रात्रीची झोप, कुठे दुखतं आणि बोटानं दाबल्यावर तिथेच दुखतं का, आज सरांनी कोणती एक चूक सुधारली, आणि सुट्टी. तिसरा रकाना आठवडाभर रिकामा राहिला तर सरांशी बोला, असंही सांगितलं. आठ आठवडे ती पळली नाही. मग पोहली, मग चालली. आता दिवसाआड ट्रॅकवर येते. परवा मी तिची वेळ घेतली, जुन्या वेळेपेक्षा चार सेकंद मागे आहे. वडिलांनी आकडा लिहून घेतला आणि तिला विचारलं, नडगी कशी आहे.