किती वेळ वाट पाहायची?

पायथनमधल्या ‘रिक्वेस्ट्स’ या लोकप्रिय लायब्ररीत वेळमर्यादा आपणहून दिली नाही आणि सर्व्हर गप्प बसला, तर प्रोग्रामही ताटकळत राहतो. असिंक्रोनस ‘एआयओएचटीटीपी’ संपूर्ण विनंतीला ५ मिनिटं देते. ‘एचटीटीपीएक्स’ मात्र ५ सेकंद नेटवर्कवर काहीच हललं नाही की टाइमआउटची एरर देते. मला हाच निर्णय सर्वांत जबाबदार वाटतो. कारण घाईत लिहिलेल्या कोडमध्ये डीफॉल्टच कायम राहून जातो. शिवाय ‘एचटीटीपीएक्स’मध्ये साध्या ‘क्लायंट’मधली ‘गेट’, ‘पोस्ट’ ही नावं ‘असिंकक्लायंट’मध्येही तीच आहेत, फक्त आधी ‘अवेट’ लिहायचं. क्लायंट मात्र एकदाच तयार करून पुन्हापुन्हा वापरावा. प्रत्येक विनंतीला नवा केला, तर उघडी कनेक्शन्स वाया जातात.