जलवाहिनीच्या वाटेवरचे भिवंडी

भिवंडी हे काही अवर्षणग्रस्त गाव नव्हे. येथे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उल्हास, काळू, भातसा या नद्या आसपासच वाहतात. तरीही मार्च उलटला की अनेक मोहल्ल्यांत हंड्यांच्या रांगा लागतात आणि टँकरवाल्यांचे दिवस येतात. या टंचाईचे मूळ आकाशात नसून अधिकारांच्या वाटणीत आहे.

मुंबईने आपले पाणी फार दूरदृष्टीने बांधून घेतले. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे अप्पर वैतरणा आणि भातसा, व २०१४ मध्ये मध्य वैतरणा, असा हा विस्तार ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांपर्यंत जाऊन पोहोचला. भातसाचे पाणी पिसे येथे उचलले जाते आणि पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होते. ही दोन्ही ठिकाणे भिवंडी तालुक्यातच आहेत. तेथून प्रचंड व्यासाच्या वाहिन्या तालुका ओलांडून महानगराकडे जातात. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, तेथील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यांच्या तुलनेत भिवंडीकर भाग्यवानच म्हणावयाचे.

भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या पाण्याची जमा बाजू पाहिली तर तिला स्वतःचा म्हणावा असा मोठा स्रोत नाही. सुमारे ७० दशलक्ष लिटर पाणी रोज ‘स्टेम’ या कंपनीकडून येते. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महानगरपालिका व ठाणे जिल्हा परिषद तिच्या भागधारक आहेत. ४० दशलक्ष लिटरांच्या आसपास पाणी मुंबई महानगरपालिका देते. वऱ्हाळा तलावाचा वाटा किरकोळ आहे.

यांपैकी मुंबईचा वाटा हा कराराचा विषय आहे; तो जन्मसिद्ध हक्क नव्हे. धरणांतील साठा घटल्यामुळे मुंबईने ३० मे २०२४ पासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागू केली, तेव्हा ती ठाणे व भिवंडीला होणाऱ्या पुरवठ्यासही लागू झाली. निर्णय घेणाऱ्या सभागृहात भिवंडीच्या मतदाराचा एकही प्रतिनिधी बसत नाही. दुसऱ्याच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्याची जी अवस्था होते, तीच या शहराची आहे.

येथे एक हिशेब तपासण्याजोगा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाखांहून थोडी अधिक होती. ११० दशलक्ष लिटरांना त्या संख्येने भागले तर दरडोई दीडशे लिटरांहून अधिक पाणी येते. मोठ्या शहरांसाठीचा १३५ लिटरांचा निकष त्यात सहज पार होतो. कागदावर तूट नाहीच! परंतु ती शिरगणती आता फार जुनी झाली. यंत्रमागांवर आणि गोदामांत पोट भरण्यासाठी आलेले लाखो कामगार, सुताच्या ताण्याला खळ देणारे सायझिंगचे कारखाने, रंगाई, जुन्या वाहिन्यांची गळती आणि चोरटी जोडणी हे सर्व खर्ची टाकल्यावर शिल्लक काय उरते, ते टँकरचे बिल भरणारा व्यापारी जाणतो. त्याला निदान ते बिल भरता येते; दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला तेही शक्य नसते.

जैन घरांत पाणी गाळून वापरावे आणि गाळलेली जिवाणी त्याच जलाशयात हळुवार परत सोडावी, अशी रीत होती. नळाच्या पाण्याची जिवाणी कोठे सोडावी, हा प्रश्न आजींनी विचारला तर नातवाला उत्तर देता येत नाही, कारण पाणी भातसाचे की उल्हासचे हेच त्याला ठाऊक नसते.

नवे धरण हा उपाय नेत्यांच्या भाषणांत वारंवार येतो. मुरबाड तालुक्यातील काळू धरण महानगर प्रदेशासाठी योजले गेले. वनविषयक परवानग्यांच्या अभावी २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे काम थांबविले. ज्यांची गावे व जंगल त्यात बुडणार, त्या आदिवासींचा विरोध अवाजवी म्हणता येत नाही. त्याआधी भिवंडीत निम्म्या रात्री रस्त्यावर वाहून जाणारे पाणी मोजले जावे, प्रत्येक सायझिंगला आणि गोदामाला मीटर बसावा, आणि कोणत्या प्रभागाला किती पाणी सुटले याचा दैनंदिन ताळेबंद महानगरपालिकेने जाहीर करावा, ही मागणी व्यापारी संघटनांनी करण्यास कोणत्याही न्यायालयाची आडकाठी नाही. मात्र मीटर बसला की पहिले मोठे बिल त्यांच्यापैकीच अनेकांना येईल.