केलाँगचे हाइडे दांपत्य



मिशनरी म्हटले की आपल्यासमोर दोन चित्रे येतात. एक धर्मांतर घडवू पाहणाऱ्या पाद्र्याचे आणि दुसरे शाळा, दवाखाना, छापखाना, शब्दकोश यांचे. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले, मधल्या काळात त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते जेझुइट, म्हणजे संसार नसलेले. प्रॉटेस्टंट मिशनरी मात्र बायको-मुलांसह परमुलखात राहत. त्या संसाराचे काय होई, म्हातारपण कुठे जाई, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. म्हणून आज एका जोडप्याची हकीकत मांडतो. विल्हेल्म आणि मारिया हाइडे यांनी आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे हिमालयातल्या लाहौल खोऱ्यात, केलाँग गावी काढली.

हे दोघे मोरावियन पंथाचे. या पंथाचे केंद्र जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातले हेर्नहूट हे लहानसे गाव. तिथून १७३२ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांकडे आणि पुढच्याच वर्षी ग्रीनलंडला माणसे गेली. हे लोक बहुधा विद्वान नसत. सुतार, विणकर, लोहार अशी हातावर पोट असलेली कारागीर मंडळी असत. १८२५ साली जन्मलेला विल्हेल्म हाइडेही पत्र्याचे काम करणारा कारागीर होता. मंडळीने बोलावणे धाडले की जायचे, ते चार-दोन वर्षांसाठी नव्हे तर बहुधा आयुष्यभरासाठी.

हाइडे आणि त्याचा सहकारी एडुआर्ड पागेल १८५३ मध्ये निघाले ते मंगोलियाला जाण्यासाठी. रशियाने आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून हिंदुस्थानमार्गे तिबेट ओलांडायचे ठरले. तिबेटनेही दार उघडले नाही. अखेर १८५६ मध्ये त्यांनी तिबेटच्या अलीकडे, सुमारे दहा हजार फुटांवरच्या केलाँगला घर बांधायला घेतले. म्हणजे ज्या गावात आयुष्य गेले, ते गाव त्यांनी मुळात निवडलेलेच नव्हते.

मारियाचा जन्म १८३७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा. आईवडील तिथे मिशनरी होते आणि मुलगी लहानपणीच शिक्षणासाठी जर्मनीला धाडलेली. वराला न पाहताच तिचे लग्न मंडळीने ठरवले आणि केलाँगच्या तीन मिशनऱ्यांसाठी तीन वधू १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्या. न पाहता ठरलेले लग्न आपल्या पणज्यांनाही परके नव्हते. पण त्यांना निदान सासरची बोली ठाऊक असे. मारियाला ना मुलूख ठाऊक होता, ना बोली.

रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलचा बाहेरच्या जगाशी संबंध महिनोन्‌महिने जवळजवळ तुटत असे. या काळात हाइडे दांपत्याचे खरे काम चाले. तो शाळा, शेत, बांधकाम बघे आणि शिळाछापावर तिबेटी पुस्तिका छापण्याच्या कामात असे. ती मुलींना आणि बायकांना सुयांवरचे विणकाम शिकवी. या भागात बटाटा रुजवण्याचे श्रेयही या मिशनला दिले जाते. लाहौलचे लोक बहुतांशी बौद्ध. त्यांनी मोजे विणणे मनापासून उचलले, धर्म मात्र घेतला नाही. मंडळीत जी थोडी माणसे आली, त्यांत लडाख आणि तिबेटकडून आलेलेच अधिक होते.

भाषेचा प्रश्न सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना चटकन कळेल. लाहौलच्या घराघरांत बुननसारख्या वेगळ्या बोली बोलत आणि पोथीची भाषा तिबेटी. मिशनने काम केले ते मुख्यतः पोथीच्या भाषेत. हाइडेचा सहकारी हाइनरिख येश्के १८५७ मध्ये केलाँगला आला. त्याच साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली होती. प्रकृती खालावल्यामुळे येश्के १८६८ मध्ये युरोपला परतला आणि त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये लंडनला छापला गेला. अभ्यासक आजही तो वापरतात. हाइडे मागे राहिला आणि रोजच्या व्यवहारातून तीच भाषा मुरवत गेला.

या संसाराची सर्वांत जड बाजू मुलांची होती. हाइडेंची काही मुले लाहौलमध्येच लहानपणी दगावली. जी जगली, त्यांना शिक्षणासाठी जर्मनीला धाडावे लागले. मोरावियन मंडळीत ही रीतच होती. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी सॅक्सनीत क्लाइनवेल्का येथे निवासी शाळा होत्या आणि मुले सहा-सात वर्षांची झाली की आईवडिलांपासून दूर जात. पुढची भेट किती वर्षांनी, की कधीच नाही, हे कुणी सांगू शकत नसे. मारिया स्वतः अशीच वाढली होती. आपल्या मुलांना निरोप देताना त्याचा अर्थ काय, हे तिच्याइतके दुसऱ्या कुणाला कळले असेल? सेवेचे गोडवे गाताना ही किंमत आपण बाजूला ठेवू नये, कारण ती मुलांना न विचारता त्यांच्याकडूनही वसूल झाली होती.

१८९८ मध्ये दोघांनी केलाँग सोडले. हाइडे तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता, तरी विश्रांती नव्हती. दार्जिलिंगजवळ घूम येथे बायबलच्या तिबेटी भाषांतराची तपासणी करायची होती. शिवाय शरच्चंद्र दास यांचा तिबेटी-इंग्रजी कोश ग्रॅहम सँडबर्ग यांच्या जोडीने सुधारायचा होता. हा कोश १९०२ मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध झाला. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराचे नाव कोशाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून आले, ही चाळीस वर्षे लोकांत बोलत राहण्याची कमाई. १९०३ मध्ये ते जर्मनीला परतले. विल्हेल्म १९०७ मध्ये आणि मारिया १९१७ मध्ये वारली. पुढे त्यांच्याच एका मुलाने आईवडिलांचे चरित्र लिहिले. मारियाच्या रोजनिश्याही आज त्या काळच्या लाहौलची माहिती देतात.

मग या आयुष्याचा हिशेब कसा मांडायचा? ज्यासाठी ते गेले, ती मंगोलिया त्यांनी पाहिली नाही. मंडळीही मोठी झाली नाही. मागे राहिले ते विणकाम आणि शब्द. लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना आणि हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता ती कला सर्वस्वी लाहौलच्या बायकांची आहे आणि नक्षीही त्यांचीच.

आपली घराणीही कधी चाकरीसाठी, कधी दरबाराच्या आश्रयाला म्हणून मराठी मुलखाबाहेर गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथली झाली. त्यामुळे एक गोष्ट आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. नव्या जागी आपण काय द्यायला आलो, हे आपण ठरवतो, पण त्यातले काय ठेवून घ्यायचे हे तिथली माणसे ठरवतात. लाहौलच्या लोकांनी हाइडेंकडून काय घ्यायचे ते शहाणपणाने निवडले. आणि हाइडे दांपत्याचा मोठेपणा मला यात दिसतो, की हवे ते घेतले गेले नाही म्हणून त्यांनी शिकवणे थांबवले नाही.