घरातली साखर, भाग ६ : रात्री जळणारे पाय

मागच्या आठवड्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेबद्दल लिहिलं होतं. तो आकडा वर्षानुवर्षं चढा राहिला की पायांच्या नसांना इजा होते. आई-वडिलांना तिचा त्रास रात्रभर होतो आणि घरातल्यांना मात्र सकाळी त्याचा पत्ता नसतो.

एरंडोलच्या उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात. नाना रात्री दीडला उठून बसतात, तळपाय ओल्या फडक्यावर टेकवतात, नाहीतर बादलीत बुडवतात. सकाळी मुलाने विचारलं की म्हणतात, "उकाडा होता रे." मे महिन्यात हे उत्तर कुणालाही पटेल. पण दिवाळीनंतरच्या थंडीतही ते पायांवरची गोधडी लाथाडत असतील, तर कारण उकाड्याचं नाही. अनेक घरांत हे आधी कळतं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला. रोज सोबत राहणाऱ्यांना वडिलांचं रात्री उठणं सवयीचं झालेलं असतं, तिला नसतं.

आपल्या शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू, बोलताना आपण ज्यांना नसा म्हणतो ते, कंबरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत जातात. लांबी साधारण मीटरभर. वाढलेली साखर या तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते. विहिरीवरच्या मोटारीपर्यंत लांबवर ओढलेल्या वायरीत शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो, तसं इथेही सर्वांत दूरचं टोक आधी खचतं. म्हणून त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि हळूहळू घोट्याकडे चढतो. हाताच्या बोटांची पाळी बऱ्याच उशिरा येते. एकाच पायात कंबरेपासून कळ उतरत असेल, तर कारण बहुधा दुसरं असतं. आणि एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला, तर घरी थांबायचंच नाही.

इजा झालेले काही तंतू कारण नसताना वेदनेचे संदेश पाठवत राहतात. त्यांच्या शेजारचे काही तंतू पार गप्प होतात. त्यामुळे जो पाय रात्री आगीने झोपू देत नाही, त्याच पायाला दिवसा रुतलेला काटा कळत नाही. घरच्यांना हीच गोष्ट पटायला सर्वांत जड जाते. "दिवसभर शेतात फिरतात, तेव्हा नाही दुखत?" असं कुणीतरी म्हणतं आणि त्या माणसाचं बोलणं तिथेच संपतं. दिवसा मन कामात असतं, रात्री वेदनेशिवाय दुसरं काही उरत नाही. हा त्रास रात्री वाढतो हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. तो सोंग नाही.

म्हणून मदतीची सुरुवात विश्वास ठेवण्यापासून. "दुखतं का?" या प्रश्नाला आपली वडीलधारी माणसं "नाही" म्हणणारच, कारण ठणका नसतोही. विचारावं असं : आई, पायावर चादर सहन होते का? मुंग्या येतात का? सुया टोचतात का? चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं का? मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन गोष्टी लिहाव्यात : रात्री किती वेळा उठले, आणि आग दहापैकी किती. ग्रामीण रुग्णालयाच्या गर्दीत किंवा जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात. त्या वेळात "पाय दुखतात" या दोन शब्दांपेक्षा ते कॅलेंडर जास्त सांगतं.

आणखी एक, कळकळीने. आखाजीला पुरणपोळी आणि आमरस खाल्ला, रात्री पाय जळाले, की "खा अजून गोड" असं पोरं बोलून जातात. नसांची ही इजा एका जेवणाची नसते, कित्येक वर्षांची असते. असं ऐकलेला माणूस गोड सोडत नाही, दुखणं सांगणं सोडतो.

आता औषधं. मेडिकलवरून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांचा, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्यांचा, या वेदनेवर फारसा उपयोग नाही. त्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि जुन्या मधुमेहात मूत्रपिंड आधीच नाजूक असतं. नसांच्या वेदनेची औषधं वेगळी : अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, प्रीगाबॅलिन, गॅबापेन्टिन. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. यातल्या पहिल्या तिन्ही औषधांनी जवळपास सारखाच आराम दिला आणि एकाने भागलं नाही तेव्हा दोन एकत्र दिल्याने फायदा झाला. म्हणजे पहिल्या गोळीने गुण आला नाही तरी वाट संपत नाही. पण मात्रा हळूहळू वाढवतात, गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि वेदना निम्म्यावर आली तरी ते मोठं यश मानतात. हे आधी सांगितलं नाही तर नाना आठव्या दिवशी गोळी बंद करतात. अमिट्रिप्टिलीनने तोंडाला कोरड पडते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. प्रीगाबॅलिनने गुंगी येते, पायांवर सूज येते. रात्री उठताना तोल जाण्याची भीती खरी आहे, तेव्हा बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा आणि वाटेतल्या वस्तू हलवा.

ब जीवनसत्त्वाच्या बारा क्रमांकाच्या प्रकाराची, म्हणजे बी-ट्वेल्व्हची, तपासणी मागून घ्या. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्याने त्याची पातळी उतरू शकते आणि त्याच्या कमतरतेनेही पाय असेच जळतात, बधिर होतात. माळकरी घरात, जिथे मांस-मासे-अंडी वर्ज्य आणि दूधही जेमतेम चहापुरतं, तिथे हा धोका दुप्पट गांभीर्याने घ्यावा. कमतरता निघाली तर ती भरून काढता येते. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

साखर आटोक्यात आणायचीच, पण फार चढलेली साखर झपाट्याने उतरवल्यावर काही आठवड्यांतच पाय उलट जास्त जळू लागल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. "इन्सुलिन सुरू केलं आणि पाय बिघडले" असा समज यातूनही होतो. अशा वेळी इन्सुलिन सोडायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं.

घरगुती उपायांत माझा खरा विरोध शेकण्याला आहे. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी किंवा शेकोटी कळत नाही. फोड आलेला सकाळी दिसतो. पाय धुवायचं पाणी दुसऱ्याने कोपराने तपासून द्यावं. तेल हलक्या हाताने लावावं, बोटांच्या बेचक्यांत नको. काशाची वाटी जोराने घासू नये. चादरीचा स्पर्श सहन होत नसेल तर खाटेच्या पायथ्याशी स्टूल ठेवून चादर त्यावर टाकावी, पाय मोकळे राहतात. आणि रोज संध्याकाळी, उजेडात, तळपाय आपण स्वतः पाहावेत. वाकता न येणाऱ्या माणसाला आपला तळवा दिसतच नाही.

न दुखणाऱ्या पायाचं काय होतं, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं. १९४६ साली ते तिथे आले आणि कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. बोटं रोगाने सडून गळतात असा तेव्हा समज होता. वेदना कळत नसल्याने झालेल्या इजांमुळे ती जातात, हे त्यांनी सिद्ध केलं. कुष्ठरुग्णांसाठीची मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते. म्हणून चैत्रात सप्तशृंगीला पायी निघणाऱ्या, किंवा तापलेल्या दुपारी पद्मालयाच्या आवारात अनवाणी चालणाऱ्या मधुमेही आई-वडिलांची मला काळजी वाटते. श्रद्धेला हात लावायची गरज नाही. डॉक्टरांना पाय दाखवून मगच चालायला निघावं, बांधणीची चप्पल घालावी, दर्शन सकाळी लवकर घ्यावं.

शेवटी एक. औषध न बदलता आग आपोआप थांबली, तर घरात आनंद होतो. पण ते तंतू बरे झाले असतील किंवा पार निकामी झाले असतील. त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे नायलॉनच्या दोऱ्याची चाचणी करून घ्या. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा तो दोरा डोळे मिटून तळव्याला कळला, तर पायाला संरक्षक संवेदना आहे. नाही कळला, तर वेदना नसली तरी पायाची राखण आता दुप्पट करावी लागेल. जखम, काळा पडलेला भाग, किंवा जखम नसतानाही एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पुढच्या आठवड्यात : चप्पल, मोजे आणि नखं.