गुराख्यांचा मोर्चा

गोवारी म्हणजे गावाची गुरं राखणारे. सकाळी आखरावर जनावरं गोळा करायची, दिवसभर रानात चारायची, दिवेलागणीला ज्याच्या त्याच्या गोठ्यात पोचवायची. दिवाळीत ढालपूजन यांचंच. पण चराऊ रानं आटली, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, गावची खिल्लारं विरळ झाली. स्वतःची शेती बहुतेकांकडे नव्हतीच. उरली सवलतींची आस.

अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद ‘गोंड गोवारी’ अशी. दोन शब्दांत स्वल्पविराम नाही! १९८५ च्या शासन निर्णयानंतर नुसत्या गोवारींची त्या दारातून वाट बंद झाली.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात हिवाळी अधिवेशन. हजारोंचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांनी अडवलेला. निवेदन घ्यायला मंत्री आलेच नाहीत. संध्याकाळी लाठ्या चालल्या. पुढे कठडे, मागे गर्दी. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला.

जून १९९५ मध्ये ‘विशेष मागास प्रवर्ग’ मिळाला. मागितलं होतं ते वेगळंच. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठानं गोवारींना आदिवासी मानलं, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला.

झिरो माइलजवळ त्या ११४ जणांचं स्मारक आहे. सीताबर्डीच्या पुलाचं नाव ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’. पाटीवर तेवढे ते आदिवासी आहेत.