नव्याने घडवलेले जुनेपण

नवे कपाट घरी आले आणि त्याच्या पॉलिशवर ओरखडा दिसला, तर आपण दुकानदाराशी हुज्जत घालतो. नव्या स्कूटरला पोचा असेल तर ती परत पाठवतो. पण बाजारात एक वस्तू अशी आहे, की तिचा रंग उडालेला, स्क्रू गंजलेले आणि कडा घासलेल्या असतील तर गिऱ्हाईक खुशीने जास्त पैसे मोजते. गंमत म्हणजे हे ओरखडे काळाने पाडलेले नसतात. कारखान्यातले कसबी कामगार पगार घेऊन ते पाडतात. ही वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार; १९५० आणि ६० च्या दशकांतल्या नमुन्यांबरहुकूम आज नव्याने घडवलेली.

श्रीमंतांचे आणखी एक खूळ, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु या खुळामागची हकीकत मोठी उद्बोधक आहे. एका नामांकित कंपनीने आपलीच विद्या कशी गमावली आणि नकला करणाऱ्यांमुळे तिला ती पुन्हा कशी आठवली, याची ही हकीकत आहे.

कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण बिघडलेली वस्तू झटपट उघडता आली पाहिजे आणि झिजलेला भाग बदलता आला पाहिजे, हे दुरुस्ती करणाऱ्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते. पोकळ गिटारीचा आवाज विजेने फार मोठा केला की ती घुमू लागे, शिट्ट्या मारी. फेंडर यांनी भरीव लाकूडच घेतले. पोलादी तारांखाली चुंबक बसवले आणि चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळली. तार छेडली की या गुंडाळीत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याचा आवाज करतो. या गुंडाळीला पिकअप म्हणतात. गिटारीचा सारा जीव त्यात.

१९५० साली त्यांची भरीव गिटार बाजारात आली. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तिची किंमत २४९.५० डॉलर. गिटारीची मान धडाला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी जोडलेली. पडदे झिजले की मान काढा, दुसरी बसवा. नाचगाण्याच्या कार्यक्रमांत रोज राबणाऱ्या वादकासाठी केलेले हे अवजार होते. पुढे कोणी ते काचेच्या कपाटात ठेवील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. उत्पादन वाढले, हिशेबनिसांचे राज्य आले. गिटारीचे डोके मोठे झाले. पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या जागी प्लॅस्टिकसारखा जाड रंग आला. १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या मानेच्या चार स्क्रूंचे तीन झाले. एकेक बदल क्षुल्लक. पण वादकांच्या हाताला फरक कळू लागला. ‘सीबीएसच्या आधीची’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि जुन्या वापरलेल्या गिटारी नव्यांपेक्षा महाग विकल्या जाऊ लागल्या.

गिब्सन या प्रतिस्पर्धी कंपनीची कथाही अशीच. १९५८ ते १९६० या काळात तिने लेस पॉल स्टँडर्ड ही गिटार लाल-पिवळ्या छटांत काढली. दोन हजारही बनल्या नाहीत आणि खप नाही म्हणून ती बंद झाली. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी तिचा आवाज ऐकवला आणि शोध सुरू झाला. तिच्यातला लाल रंग उन्हाने विटत असे. कोणाची मधासारखी झाली, कोणाची चहासारखी. रंगाचा हा दोषच तिची ओळख ठरला. आज तिच्यासाठी काही लाख डॉलर मोजतात आणि नव्या आवृत्तीला मुद्दाम विटका रंग देतात.

नकलेने दिलेला धडा

फेंडर आणि गिब्सन जुने वळण विसरत असताना जपानमधले कारागीर ते बारकाईने गिरवत होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टोकाई आणि ग्रेको या नावांनी निघालेल्या नकला इतक्या हुबेहूब होत्या, की अमेरिकेतल्या अस्सल नव्या मालापेक्षा त्याच जुन्या गिटारींच्या जवळच्या वाटत. फेंडर कंपनीने शेवटी कोर्टकचेरीपेक्षा भागीदारीचा मार्ग धरला. १९८२ मध्ये फेंडर जपान स्थापन झाली आणि मात्सुमोतो शहरातल्या फुजिगेन कारखान्यात फेंडरच्या नावाने गिटारी बनू लागल्या. त्याच सुमारास कंपनीने अमेरिकेतही १९५२ च्या टेलिकास्टरची आणि १९५७ व १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टरची नवी आवृत्ती जाहीर केली. यासाठी आपल्याच जुन्या गिटारी बाहेरून मिळवून त्यांची मापे घेण्याची पाळी कंपनीवर आली. आपल्या आजीच्या हातच्या लोणच्याची कृती शेजारणीला विचारावी, तशातला हा प्रकार! १९८५ मध्ये व्यवस्थापनातल्याच मंडळींनी सीबीएसकडून कंपनी विकत घेतली, तेव्हा सव्वा कोटी डॉलर पुरले. त्या रकमेत फुलरटनचा कारखानाही नव्हता.

जुन्याची नवी आवृत्ती काढताना एक पेच नेहमी पडतो: जुन्यातल्या गैरसोयीही घ्यायच्या का? मूळ स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप आणि तीन जागांवर थांबणारा खटका होता. दोन जागांच्या मध्ये खटका अडकवला तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि निराळाच नाजूक आवाज येतो, हे वादकांनीच शोधून काढले. १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा खटका दिला. मग १९५७ ची नवी आवृत्ती काढताना काय करायचे? कंपनीने गिटारीत इतिहासाला धरून तीन जागांचा खटका बसवला आणि पाच जागांचा पेटीत सोबत दिला. ज्याला जसे हवे तसे त्याने करावे.

लाकडाच्या बाबतीत मात्र अशी सोय नव्हती. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या गिटारींची बोटपट्टी ब्राझीलच्या शिसवाची असे. त्या झाडाची बेसुमार तोड झाली आणि १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. त्याची जागा बहुतांशी भारतीय शिसवाने घेतली. आपल्या सह्याद्रीत वाढणारा, जुन्या वाड्यांतल्या पलंगांना आणि झोपाळ्यांना लागलेला तोच हा शिसव. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या जातींवर परवान्याचे बंधन आले; तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली.

पेचकस हाती घेतलेले वादक

नवी आवृत्ती घरी आली की खऱ्या शौकिनाचे काम सुरू होते. जुन्या मापाची बोटपट्टी आडवी जास्त गोलाकार असते. त्यामुळे तार ताणून स्वर वर नेताना तो मध्येच दबतो. म्हणून कोणी बोटपट्टी घासून सपाट करतो, उंच पडदे बसवतो. एकेरी गुंडाळीचे पिकअप विजेच्या दिव्यांजवळ गुणगुणतात. मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा बसवला, तर दोन मिळून ही गुणगुण मारून टाकतात. पिकअप बदलणे म्हणजे चार स्क्रू सोडवून दोन-तीन वायरी सोल्डर करणे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम केलेल्या कोणालाही जमेल इतके ते सोपे आहे.

या खटाटोपाला थोर परंपरा आहे. १९७० मध्ये क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या दुकानात जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या. काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून स्वतःसाठी एक केली. ‘ब्लॅकी’ या नावाने ती गाजली. एडी व्हॅन हेलनने पन्नास डॉलरचे धड आणि ऐंशी डॉलरची मान आणली, गिब्सनचा पिकअप मेणात बुडवून तिच्यात ठोकला, चिकटपट्ट्या लावून पट्टे रंगवले आणि घोडीखाली टेकू म्हणून पाव डॉलरचे नाणे ठेवले. ही त्याची ‘फ्रँकेनस्टाइन’.

पुढची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. २००४ मध्ये ब्लॅकी लिलावात साडेनऊ लाखांहून अधिक डॉलरना गेली. ते पैसे क्लॅप्टनच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी होते. २००६ मध्ये फेंडरने तिच्या २७५ प्रतिकृती काढल्या, प्रत्येकी २४,००० डॉलरना. २००७ मध्ये फ्रँकेनस्टाइनच्या ३०० प्रतिकृती आल्या, प्रत्येकी २५,००० डॉलरना. त्यांत चटके, चरे सारे होते. १९७१ सालचे ते नाणेसुद्धा होते. पैसे नव्हते म्हणून एका तरुणाने केलेली जुळवाजुळव फक्त पैसेवाल्यांनाच परवडू लागली.

झीज कोणाची?

मुद्दाम झिजवलेल्या गिटारी फेंडरने १९९५ च्या जानेवारीत प्रथम मांडल्या. नाव दिले ‘रेलिक’, म्हणजे संतांचे अवशेष जपतात त्यासाठीचा शब्द. त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडचा वादक रोरी गॅलहर वारला. त्याने १९६३ मध्ये, पंधराव्या वर्षी, कॉर्क शहरातून १९६१ ची एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर सुमारे शंभर पौंडांना हप्त्यांवर घेतली होती. एकदा ती चोरीला गेली, परत सापडली. तीस वर्षे रात्रीमागून रात्री वाजवताना त्याच्या घामाने तिचा रंग गळून गेला आणि आतले उघडे लाकूड दिसू लागले. पुढे तिचीही प्रतिकृती निघाली. मूळ गिटार २०२४ मध्ये लिलावात आठ लाखांहून अधिक पौंडांना गेली आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली.

प्रतिकृतीवर रंग नेमका तिथेच उडालेला असतो, जिथे गॅलहरचा हात घासत असे. ती घेणाऱ्याचा हात कदाचित दुसरीकडेच टेकत असेल. नकली झिजेची उणीव इथे आहे. तिला कोणी फसवणूक म्हणणार नाही, कारण विकणारा काहीच लपवत नाही आणि पातळ रंगाची, कडा गुळगुळीत झालेली मान पहिल्या दिवसापासून हाताला बरी वाटते, हेही खरे. पण ती खूण दुसऱ्याच्या श्रमाची असते.

संग्राहकांच्या जगात खऱ्याखोट्याची पारख हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. मान काढून तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीख पाहायची, आवाजाच्या बटणाखालच्या भागावर छापलेल्या आकड्यांतून वर्ष आणि आठवडा काढायचा, सोल्डरचे जोड कधी उकलले होते का ते भिंगातून तपासायचे. एखादा जोड उकललेला निघाला की किंमत घसरते. म्हणजे जी गिटार उघडता यावी म्हणूनच जन्माला आली, ती आता न उघडण्यात तिचे मोल! १९८२ च्या नव्या आवृत्त्याही आता चाळिशी ओलांडून संग्राह्य झाल्या आहेत. त्यांचेही खटके मूळचेच आहेत ना, अशी विचारणा होते.

अशा वेळी जुन्या वळणाची साधी, स्वस्तातली नवी गिटार घेऊन तिच्यात हवे ते बदल करणारा शौकीनच लिओ फेंडर यांच्या खऱ्या वाटेवर आहे असे वाटते. स्क्विअर या नावाने अशा गिटारी कोणालाही परवडाव्यात म्हणून निघतात. घरात कोणी अशी गिटार आणली आणि आठ दिवसांत तिचे पोट उघडून टेबलावर पसारा मांडला, तर वडीलधाऱ्यांनी रागावू नये. जुळणी झाल्यावर ती रोज वाजते आहे ना, एवढेच पाहावे. रोज वाजली तर वीसेक वर्षांत तिच्याही मानेवरचा रंग विटेल, कडेला रंगाचा टवका उडेल. आणि तो कधी, कुठे उडाला हे सांगणारे माणूस घरातच असेल.